एमएसमधला थकवा आणि डिप्रेशन शरीरातून येतं की मनातून?

भाऊ, तुम्ही लिहिलंय की मिसेसला तीन वर्षांपासून एमएस (मल्टिपल स्क्लेरोसिस, मेंदू-मज्जारज्जूतल्या नसांचा आजार) आहे, नवा एमआरआय स्टेबल आलाय, चालतेपण नीट, तरी दुपारनंतर उठवत नाही, काही कारण नसताना रडते, आणि आई म्हणतात सुनेनं आजार मनावर घेतलाय. मी भुसावळची, मला एमएस होऊन नऊ वर्षं झाली. डॉक्टर नाही मी, पण हेच बोलणं माझ्याही घरात झालंय म्हणून न्यूरोलॉजिस्टकडे दर वेळी वहीत प्रश्न लिहून न्यायचे. तर सांगते, थकवा काय नि डिप्रेशन काय, दोन्हींची मुळं आजारातच आहेत.

नसांवर मायलिनचं आवरण असतं, वायरवरच्या रबरासारखं, आणि एमएसमध्ये आपलीच प्रतिकारशक्ती ते कुरतडते. आवरण गेलं की सिग्नल पुढे जायला जास्त ऊर्जा लागते, आणि जे काम मेंदूचा छोटासा भाग करायचा त्याला आजूबाजूचे भागही जुंपावे लागतात. माझे सासरे रावेरकडचे, केळीवाले, त्यांना मी म्हटलं की मामा, व्होल्टेज कमी आलं की विहिरीवरची मोटर पाणी कमी देते पण अँपिअर जास्त खेचते आणि तापते ना, तसं माझ्या डोक्याचं होतं. त्यांना लगेच कळलं.

आणि स्टेबल एमआरआयवर जाऊ नका. स्टेबल म्हणजे नवे डाग नाहीत एवढंच, जुनं नुकसान आहे तिथेच असतं, आणि डाग सोडून चांगल्या दिसणाऱ्या भागातही बारीक बिघाड असतो जो साध्या स्कॅनमध्ये दिसत नाही.

आता आपल्या खान्देशातला उन्हाळा, हे नीट वाचा. एका मे महिन्यात मी कळण्याच्या भाकरी थापत होते, बाहेर ४५ च्या पुढे पारा, तिसरी भाकरी तव्यावर टाकली आणि डाव्या डोळ्यापुढे दुधासारखं धूसर झालं, हातातला गोळा परातीत पडला. सासूबाई म्हणाल्या, "इतल्यामाच थकी गयी का वं?" मी कूलरसमोर मानेवर ओला टॉवेल टाकून बसले, वीस-पंचवीस मिनिटांत डोळा साफ. याला उथॉफ म्हणतात, विल्हेल्म उथॉफ नावाच्या जर्मन डोळ्यांच्या डॉक्टरांनी १८९० मध्ये लिहून ठेवलंय, त्यांना वाटलं होतं व्यायामानं होतं, खरं कारण उष्णता हे नंतर कळलं. अंगातलं तापमान अर्धा डिग्री वाढलं तरी आवरण गेलेल्या नसेतून सिग्नल अडकतो. अंग गार झालं की परत येतो, नवीन नुकसान नसतं. पण त्रास २४ तासांहून जास्त टिकला तर डॉक्टरांना फोन करा, तो एमएसचा नवा अटॅक असू शकतो.

डिप्रेशनचं म्हणाल तर एमएसवाल्या जवळपास निम्म्या लोकांना आयुष्यात कधी ना कधी येतं, आणि ज्याचे पाय जास्त गेले त्यालाच जास्त असं काही नसतं. ताप चढल्यावर कसं, कोणाशी बोलू नये, जेवू नये, नुसतं पडून राहावं वाटतं, ते सायटोकाइन नावाच्या, सूज आणणाऱ्या रसायनांमुळे. एमएसमध्ये ती आतल्या आत चालूच राहतात. जेवणातल्या ट्रिप्टोफॅनपासून शरीर मूड सांभाळणारं सेरोटोनिन बनवतं, ही सूज ते ट्रिप्टोफॅन दुसऱ्याच वाटेला वळवते, त्यातून निघणारे काही पदार्थ तर नसांनाच त्रासदायक. डाग कपाळामागच्या किंवा कानशिलाकडच्या भागात असले तरी मूडवर परिणाम होतो. आता आजाराचं दुःख नसतंच असं मी म्हणत नाही, मीपण रडलेय, पण नुसत्या दुःखावर बोट ठेवलं की माणूस औषध घेत नाही. माझे दीड वर्ष त्यातच गेले.

म्हणून तिला घेऊन डॉक्टरांकडे जा आणि मूडबद्दल तुम्ही स्वतः बोला, ती म्हणेल बरंय. हिमोग्लोबिन, थायरॉईड, बी१२ तपासा. रात्री लघवीला किती वेळा उठते ते मोजा, झोपमोड हे मोठं कारण असतं. बॅक्लोफेन (स्नायूंचा ताठरपणा कमी करायची गोळी) चालू असेल तर त्यानं सुस्ती येते. एमएससाठी इंटरफेरॉनचं इंजेक्शन असेल तर तेही सांगा, पण मनानं काही बंद करू नका. थकव्याच्या गोळ्यांवर फार आशा ठेवू नका, २०२१ मध्ये छापून आलेल्या एका अभ्यासात अमँटाडीन, मोडाफिनिल आणि मिथाइलफेनिडेट तिन्ही खोट्या गोळीपेक्षा सरस ठरल्या नाहीत. मला डिप्रेशनची गोळी, समुपदेशन आणि पहाटेचा हलका व्यायाम यानं फरक पडला.

जगणं नको असं काही बोलली तर त्याच दिवशी दवाखाना गाठा, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर फुकट आहे, रात्रीपण लागतो.

आणि आईंना हे सगळं वाचून दाखवू नका, मोटरचं सांगा. स्वयंपाक सकाळी आठच्या आत उरकू द्या, भाकरी दुपारी नको.