मुंबईत बी.कॉम.ची दोन वर्षं झाली, आता न्यू जर्सीत आहे. क्लेप (CLEP) सारख्या, म्हणजे वर्गात न बसता कॉलेजची क्रेडिट्स मिळवून देणाऱ्या, परीक्षा देऊन अमेरिकन पदवी पूर्ण होईल का?

होईल, पण ताई, आधी परीक्षेची फी भरू नका. आधी विद्यापीठ ठरवा. तुमच्या राज्यातच, ट्रेंटनला थॉमस एडिसन स्टेट युनिव्हर्सिटी आहे. ती नोकरी-संसार सांभाळून शिकणाऱ्यांसाठीच 1972 मध्ये सुरू झाली आणि बाहेरची क्रेडिट्स (पदवीसाठी मोजली जाणारी अभ्यासाची एककं) बऱ्यापैकी मोकळेपणाने घेते.

मग मुंबईच्या मार्कशीटचं विषयवार मूल्यांकन करून घ्या. ती दोन वर्षं वाया गेली असं अजिबात समजू नका! पदवीला साधारण 120 क्रेडिट्स लागतात, त्यातला चांगला वाटा तिथूनच निघू शकतो.

उरलेल्यात क्लेप. गुण 20 ते 80 मध्ये मिळतात, 50 ला बहुतेक ठिकाणी क्रेडिट देतात, एका विषयाची सहसा 3. मॉडर्न स्टेट्स या संस्थेचा मोफत ऑनलाइन कोर्स पूर्ण केलात तर परीक्षेच्या फीचं व्हाउचरही मिळतं. सोफियासारख्या वेबसाइटवरचे ऑनलाइन कोर्सही चालतात.

खरी अडचण वरच्या वर्षांच्या क्रेडिट्सची. क्लेप जवळजवळ सगळी पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या पातळीची असते, त्यामुळे नुसत्या त्यावर पदवी होत नाही. कुठला विषय कशात धरणार, हे सल्लागाराकडून ईमेलवर लेखी घ्या, तोंडी नको. पुढे एमबीए करायचं असेल तर त्या कॉलेजलाही आत्ताच विचारून ठेवा.