ट्रॉलीवरचं नाव चिकटवल्यासारखं का दिसतं?

प्रश्न : ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या तिरप्या फोटोवर फोटोशॉपमध्ये कृषी केंद्राचं नाव बसवतो. ते तरंगल्यासारखं दिसतं. काय चुकतं?
– एक वाचक, दारव्हा तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : बहुधा तुम्ही नुसत्या अक्षरांचे कोपरे ओढता. आधी ट्रॉलीचा फाळका (बाजूची पत्र्याची भिंत) टेपनं मोजा. तो १० फूट लांब, २ फूट उंच असेल तर डिझाइनही ५:१ मापाचं, चारी बाजूंच्या मोकळ्या जागेसकट करा. माप चुकलं की कोपरे जुळूनही अक्षरं दबतात. मग त्या लेयरचं (डिझाइनच्या थराचं) स्मार्ट ऑब्जेक्ट करा, म्हणजे ओढताण करूनही मूळ डिझाइन शाबूत राहतं, कंट्रोल-टी दाबा, राइट क्लिक करून ‘डिस्टॉर्ट’ निवडा आणि चारही कोपरे फाळक्याच्या कोपऱ्यांवर नेमके टेकवा. ‘स्क्यू’मध्ये बाजूच्या मधला ठोकळा ओढून भागत नाही, त्यात समांतर रेषा समांतरच राहतात, दूरचं टोक लहान होत नाही.

नाव मधोमध आलं का, हे फूटपट्टीनं पाहू नका. फाळक्याचे कर्ण जिथे छेदतात तोच मध्य, आणि तो दूरच्या टोकाकडे सरकलेला दिसतो.

शेवटी लेयरचा ब्लेंड मोड (थर खालच्या फोटोत कसा मिसळतो ते) ‘मल्टिप्लाय’ ठेवा, म्हणजे गंज नि सावली अक्षरांतून दिसेल. पांढरी अक्षरं मात्र त्यात गायब होतात. त्यांना ‘नॉर्मल’ ठेवून ओपॅसिटी (अपारदर्शकता) थोडी उतरवा.

मोबाइलच्या वाइड लेन्सनं जवळून फोटो काढू नका, फाळक्याच्या कडाच वाकतात.