पुनर्वसनाच्या नकाशावर सही करण्याआधी

दरडीच्या भीतीनं तुमचं गाव हलवतायत, घरांचा नकाशा आलाय, संमतीची घाई चाललीये आणि तुम्ही चौरस फुटांवर अडून बसलाय, हे वाचून राहवलं नाही. आम्ही किल्लारी पट्ट्यातले, ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपातले. पंचनामा, बँक खातं वगैरे तुम्ही केलंच असेल, त्यात शिरत नाही.

माझ्या मते फुटांचं भांडण दुय्यम आहे. आमच्याकडं ५२ गावं अख्खी नव्या जागी गेली. घराचं माप जमिनीवरून ठरलं: भूमिहीन आणि १ हेक्टरपर्यंतवाल्यांना २५० चौरस फूट, ७ हेक्टरपर्यंत ४५०, त्यावर ७५०. आमच्या गावात एका मापाची घरं एका बाजूला टाकली आणि भावकी विस्कटली. चुलते एका टोकाला, आम्ही दुसऱ्या. घर पक्कं, पण कडबा कुठं ठेवायचा, म्हशी कुठं बांधायच्या? वर्षभरात दारोदारी पत्र्याचं शेड उभं राहिलं, चूलसुद्धा तिथंच गेली. म्हणून शेजार कोण आणि परसात जागा किती, यावर भांडा.

दुसरं, 'कुटुंब' कोणाला म्हणतायत ते लेखी घ्या. आमच्यात तीन भाऊ, तीन चुली. पण सातबारा आजोबांच्या नावावर आणि रेशनकार्ड एक. यादीत घर एकच. वडिलांनी विभक्त कुटुंबाचा अर्ज दिला. त्या कार्यालयाचं नाव घेत नाही. कारकून पोच देईना, "अर्ज काय पळून जातोय का?" म्हणाला. पुढं साहेब बदलले, आवक रजिस्टरला नोंदच नाही, यादी अंतिम झाली. तीन संसार एका घरात. नवे साहेब वर आम्हालाच विचारतात, "पुरावा काय?" आजही डोकं फिरतं. शिक्का आणि आवक क्रमांक हातात पडल्याशिवाय टेबलापासून हलू नका. तोंडी आश्वासन ग्रामसभेच्या ठरावात आणा.

मी वकील नाही, तुमच्याकडचे नियम वेगळे असतील. शासन निर्णय मागून स्वतः वाचा. आमच्याकडं जी गावं हलवली नाहीत, जिथं आहे त्याच घरांची दुरुस्ती-मजबुतीकरण झालं, तिथं पैसे हप्त्यानं मालकाच्या हातात आले, गावातल्याच बायका संवाद सहायक म्हणून घरोघरी समजावत फिरल्या. ती घरं लोकांना जास्त आपली वाटतात, असं माझं मत. तुमच्याकडं स्वतः बांधायचा पर्याय असेल तर तोच घ्या.

आणि जुन्या घराच्या तुळया, चौकटी भंगारवाल्याला देऊ नका. शेडला लागतातच.