माणसे वाढली की जमीन खंगते का?

प्रश्न : आजोबांच्या बारा एकरांची दोन पिढ्यांत वाटणी होऊन माझ्या वाट्याला दीड एकर जमीन आली. उतारावरच्या शेतातला सामाईक ताल (माती अडवणारा आडवा बांध) तीन पावसाळ्यांपूर्वी फुटला, तो आम्हा चार भावांपैकी कोणीच पुन्हा घातला नाही. आफ्रिकेतील खेड्यांत माणसे झपाट्याने वाढत आहेत. तिथल्या जमिनीचीही अशीच धूळधाण होणार का?
— एक शेतकरी वाचक, खानापूर तालुका

उत्तर : आपली काळजी रास्त आहे. सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत १९६० साली सुमारे २३ कोटी लोक होते, आज ते १२० कोटींहून अधिक आहेत. तरीही खाणारी तोंडे वाढली की माती गेलीच, असा तिथला सरसकट अनुभव नाही.

डॅनिश अर्थतज्ज्ञ एस्टर बोसरप यांनी १९६५ साली असे मांडले की, जमीन मुबलक असते तोवर शेतकरी रान जाळून पीक घेतो व नंतर ती जमीन कित्येक वर्षे पडीक टाकतो. जमीन अपुरी पडू लागली की पडीक काळ आखडतो आणि त्याची भरपाई शेणखत, बांधबंदिस्ती व जादा कष्ट यांनी करावी लागते. आपल्या जंगलपट्टीत पूर्वी होणाऱ्या कुमरी शेतीविषयी आपण वडीलधाऱ्यांकडून ऐकले असेल. ती यातली पहिली पायरी.

केनियातील माचाकोस हा डोंगराळ, कमी पावसाचा जिल्हा धुपीने उजाड झाल्याचे इंग्रज अधिकाऱ्यांनी १९३०च्या दशकात लिहून ठेवले होते. पुढील साठ वर्षांत तिथली लोकसंख्या जवळजवळ सहापट झाली, आणि दरडोई शेती उत्पादन घटण्याऐवजी वाढले. तिथले अकाम्बा शेतकरी उताराला आडवा चर खणतात आणि निघालेली माती चराच्या वरच्या अंगाला टाकतात. या पद्धतीचे स्वाहिली नाव 'फान्या जुऊ', म्हणजे 'वर टाका'. वाहून येणारी माती त्या तालाशी अडते, तालावर वैरणीचे गवत लावले जाते आणि काही वर्षांत उताराच्या पायऱ्या होतात. यातले बरेचसे काम बायकांनी 'म्वेथ्या' नावाच्या गटांतून एकमेकींच्या शेतात राबून केले, अगदी आपल्या पैऱ्यासारखे.

मात्र हे निव्वळ माणसे वाढल्यामुळे घडले, असे कृपया समजू नये. नैरोबीची बाजारपेठ जवळ होती, १९५०च्या दशकात तिथल्या आफ्रिकी शेतकऱ्यांना कॉफी लावण्याची मुभा मिळाली, आणि शहरात नोकरी करणाऱ्यांचा पैसा गावाकडच्या शेतात आला. जिथे रस्ता नाही आणि खत परवडत नाही, तिथे पडीक काळ आखडतो, पण मातीत परत काहीच जात नाही. २००६ साली आफ्रिकी देशांनी नायजेरियातील अबुजा येथे खतांतून हेक्टरी ५० किलो अन्नद्रव्ये देण्याचे उद्दिष्ट ठरवले. बहुतेक देशांना ते गाठता आलेले नाही. तिथल्या शेतकऱ्याला कष्ट नको आहेत, हा आरोप म्हणूनच मला अन्यायाचा वाटतो.

आता आपल्या तालाविषयी. वरच्या भावाच्या शेतातले पाणी खालच्याच्या शेतात उतरणारच; म्हणून वळवाचा पाऊस लागण्याआधी चौघांनी पैरा करून, सर्वांत वरच्या शेतापासून सुरुवात करून ताल खाली घालत यावेत, आणि त्यांवर पहिल्याच पावसात गवताचे ठोंब लावावेत.