हायड्रोजन राहू दे, भट्टी शिकू दे

प्रश्न : मुलगी लातूरला बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे, विषय रसायनशास्त्र. वाफेपासून हायड्रोजन काढायच्या इलेक्ट्रोडवर संशोधन करायचं म्हणते. आम्हाला बी.एड. बरं वाटतं. हायड्रोजनची हवा चार वर्षांत ओसरली तर?

उत्तर : नमस्कार. शंका रास्त आहे. जानेवारी २०२३ मध्ये केंद्राने हरित हायड्रोजन अभियानाला १९,७४४ कोटी मंजूर केले. त्यात संशोधनाचा वाटा ४०० कोटींचा. तेव्हा मथळे वाचून कुणी या वाटेला जाऊ नये.

पण लेक बोलतेय ते काम मुळात हायड्रोजनचं नाहीच, सिरॅमिकचं, म्हणजे भट्टीत भाजून कडक केलेल्या ऑक्साइडांचं आहे. ७०० ते ८५० अंशांवर वाफ फोडली की वीज कमी लागते, कारण थोडा भार उष्णता उचलते. वाफ फोडणाऱ्या या पातळ थरांच्या सेलच्या मधे यट्रिया (यट्रियमचं ऑक्साइड) मिसळलेलं झिर्कोनिया (झिर्कोनियमचं ऑक्साइड), वाफेच्या बाजूला निकेल आणि झिर्कोनिया, ऑक्सिजनच्या बाजूला लँथॅनम-स्ट्रॉन्शियमची ऑक्साइडं. सुरुवातीला झकास चालतं, मग कुरकुरी सुरू होतात. निकेल हळूहळू झिर्कोनियापासून दूर सरकतं. दुसऱ्या बाजूला ऑक्सिजनचा दाब साठून थर पापुद्र्यासारखा सुटतो. स्ट्रॉन्शियम झिर्कोनियाशी संयोग पावून अडसर बनतं, म्हणून मधे सिरियाचा (सेरियमच्या ऑक्साइडचा) पातळ थर द्यावा लागतो. सेल एकमेकांना जोडणाऱ्या स्टीलमधलं क्रोमियमही बाष्परूपात उडून ऑक्सिजनच्या बाजूचा इलेक्ट्रोड खराब करतं. इलेक्ट्रोड सुधारायचा म्हणजे बहुतेकदा या झिजेशी झुंजायचं.

एक चाचणी हजार तासांची, म्हणजे सहा आठवडे. चाळिसाव्या दिवशी सेल तडकला की पुन्हा पूड दळण्यापासून सुरुवात. लेक हे सोसेल का, ते तुम्ही जास्त जाणता.

सोसलं, तर हात रिकामे राहत नाहीत. जेट इंजिनच्या पात्यांवरचा उष्णतारोधक लेप, गाडीच्या एक्झॉस्टमधला ऑक्सिजन सेन्सर, दोन्हीकडे झिर्कोनियाच. २०२१ मध्ये नासाच्या मॉक्सी या उपकरणाने मंगळावरच्या कार्बन डायऑक्साइडपासून ऑक्सिजन काढला तोही याच जातीच्या सेलने. (हे लेकीला सांगू नका, आणखी हट्ट धरेल.)

वाट अशी : जॅम ही एम.एस्सी.ची प्रवेशपरीक्षा देऊन आयआयटीत किंवा चांगल्या विद्यापीठात एम.एस्सी., भर घनस्थिती आणि भौतिक रसायनावर. मग गेट ही प्रवेशपरीक्षा देऊन मटेरियल्समध्ये (पदार्थविज्ञानात) एम.टेक., नाहीतर नेट परीक्षेतून जेआरएफ ही संशोधनवृत्ती घेऊन पीएच.डी. कोलकात्याची सीजीसीआरआय आणि हैदराबादची एआरसीआय या सिरॅमिकवर काम करणाऱ्या संस्था. ‘ग्रीन हायड्रोजन’च्या महिनाभराच्या सर्टिफिकेटला मात्र एक रुपयाही देऊ नका. त्यापेक्षा एक्स-रे डिफ्रॅक्शन (पदार्थाची स्फटिकरचना दाखवणारी चाचणी) आणि इम्पिडन्सचे (सेलमधल्या विद्युत अडथळ्याचे) आलेख वाचता येणं कितीतरी मोलाचं. बी.एड. कुठे पळत नाही, एम.एस्सी.नंतरही करता येतं.

मे महिन्यात भट्टी असलेली एखादी प्रयोगशाळा गाठून तिला दोन महिने सिरॅमिकच्या पुडीच्या गोळ्या दाबू-भाजू द्या. आणि तिथल्या पीएच.डी.च्या मुलांना विचारायला सांगा, यंदा किती सेल तडकले?