मुस्लिम नसलेल्या माणसाला मुंबईतली जुनी मशीद आतून बघता येते का? बांधकाम समजून घ्यायचं तर नेमकं काय बघावं?

बघता येते. फक्त आधी ऑफिसात किंवा दारावर विचारायचं, नमाजाची वेळ टाळायची आणि शुक्रवारी दुपारी तर जायचंच नाही. अंगभर कपडे असावेत, चपला बाहेर. फोटो काढण्याआधी पुन्हा एकदा विचारा.

सुरुवात क्रॉफर्ड मार्केटजवळच्या जामा मशिदीपासून करा. बाहेरून ती चटकन नजरेत भरत नाही, कारण भोवती दुमजली इमारतींचं कडं आहे आणि त्यांच्या तळमजल्यावर दुकानं. त्या गाळ्यांचं भाडं मशिदीला मिळावं ही व्यवस्था फार जुनी आहे.

पूर्वेच्या दारातून आत शिरलात की समोर पाणीच! जिवंत झऱ्यांचा हा तलाव मशिदीच्याही आधीचा. १७७५च्या सुमारास इथे बागा आणि मोकळी जमीन होती. मालक होते एक कोकणी मुसलमान व्यापारी. तलावाला धक्का लागणार नसेल तरच बांधा, या अटीवर त्यांनी जागा दिली, असं जुन्या गॅझेटिअरमध्ये, म्हणजे सरकारी माहितीग्रंथात, नोंदलेलं आहे. १८०२मध्ये मशीद पूर्ण झाली. अट पाळायची तर इमारत पाण्यावरच उभी राहायला हवी, आणि ती तशीच उभी आहे. मला या वास्तूत सगळ्यात जास्त आवडतं ते हेच.

तेव्हा घुमट-मिनार नंतर बघा, आधी खाली बघा. मी मान वर करून उभा होतो, तेव्हा या हौदाच्या पायरीवर वजू करत, म्हणजे नमाजाआधी हातपाय-तोंड धुत, बसलेले एक चाचा म्हणाले, "वर काय बघतोस बाळा, इथे वाकून बघ." वाकलो तर पाण्यातून वर आलेल्या काळ्या दगडाच्या कमानी दिसल्या, आणि त्यांच्यामधून फिरणारे मासे. अशा १६ कमानी आहेत, मशीद पूर्ण झाल्यावर बऱ्याच वर्षांनी, १८७४मध्ये बांधलेल्या, आणि वरचा सगळा डोलारा त्यांनीच पेललाय. कमान वरचं वजन दोन्ही बाजूंच्या पायांवर उतरवते, त्यामुळे मधलं पाणी मोकळं राहतं.

मग वर जा. वरचा मजला १८३७मध्ये मोहम्मद अली रोगे या कोकणी व्यापाऱ्याने चढवला. तिथे लाकडी खांबांच्या पाच रांगा आहेत. खाली पाण्यात दगड आणि वर वजनाला हलकं लाकूड, हे शहाणपण जागेवर उभं राहिलं की आपोआप कळतं. खांब जवळून बघा, त्यांच्यात धर्मग्रंथ ठेवायला जागा केलेली आहे. नमाजाची दिशा दाखवणारा भिंतीतला कोनाडा म्हणजे मेहराब. मुंबईहून मक्का जवळजवळ पश्चिमेला, किंचित उत्तरेकडे. म्हणून मेहराब पश्चिमेच्या भिंतीत आणि मुख्य दार त्याच्या समोर, पूर्वेला.

वेळ उरला तर डोंगरीकडची इराणी लोकांची मुघल मशीदही करा, चालत जाता येतं. १८६०मध्ये हाजी मोहम्मद हुसेन शिराझी या इराणी व्यापाऱ्याने ती बांधली. तिला घुमट नाही, दोन मिनार आहेत आणि दर्शनी भिंतीवर निळ्या फरशांचं नक्षीकाम. तिथेही हौद आहे, पण तो बाहेर, झाडांमध्ये. जामा मशीद आधी बघितलेली असेल तर हा फरक लगेच लक्षात येईल, म्हणून याच क्रमाने जा.