नवीन व्हिंटेज रीइश्यू बासच्या (जुन्या मॉडेलबरहुकूम बनवलेल्या बास गिटारच्या) तारा वरच्या फ्रेटवर (नेकवरच्या, म्हणजे दांड्यावरच्या, धातूच्या आडव्या सळ्यांपैकी बॉडीकडच्या) खडखडतात आणि फ्रेटची टोकं हाताला टोचतात. दुकानदार म्हणतो, 'व्हिंटेज बास असाच असतो.' चालवून घ्यावं का?

अजिबात चालवून घेऊ नका. दुकानदाराचं ते वाक्य वाचूनच माझं डोकं फिरलं. आमच्या बँडमधला गिटारवाला मला हेच ऐकवत आलाय.

माझाही बास साठच्या दशकातल्या मॉडेलची हुबेहूब आवृत्ती म्हणून आलेला. कंपनीचं नाव घेत नाही. दिसायला देखणा, बाराव्या फ्रेटपर्यंत वाजायलाही सुरेख. पंधराव्याच्या पुढे मात्र 'जी' (G) या सगळ्यांत बारीक तारेवर सूर उमटायच्या आधीच खर्र. ॲक्शन, म्हणजे तारांची फ्रेटपासूनची उंची, वाढवली की खर्र जायची, पण मग वाजवताना बोटांचा जीव जायचा. गिटारवाल्याचं निदान ठरलेलं: 'तुझा हात जड आहे. जुने लोक हलक्या हाताने वाजवायचे.'

शेवटी स्टीलची छोटी पट्टी घेऊन बसलो. एका वेळी तीन फ्रेटवर टेकवायची. डुलली तर मधला फ्रेट उंच. पंधराव्यानंतर ती जवळपास प्रत्येक ठिकाणी डुलत होती. नेकचा बाक कमी-जास्त करणाऱ्या आतल्या सळईचा (ट्रस रॉडचा) नट जुन्या पद्धतीप्रमाणे नेकच्या बुडाशी, म्हणजे तो फिरवायला नेक काढणं आलंच. काढला, तर नेक बसतो त्या बॉडीच्या खाचेच्या आतल्या कडेला रंगाची वाळलेली गुठळी. नेकचं बूड एका टोकाला त्या गुठळीवर टेकलेलं आणि दुसऱ्या टोकाला पोकळी. वरून चार स्क्रू आवळलेले, त्यामुळे शेवटचे फ्रेट उचलले गेलेले. गुठळी खरवडली, कारागिराकडून वरचे फ्रेट समतल करून घेतले, खर्र गेली. हात तोच आहे, जडच्या जड.

अमेरिकन गिटार-निर्माता लिओ फेंडरने 1951 मध्ये प्रिसिजन बास काढला तेव्हा तो कारखान्यातला मालच होता. स्क्रूने बसवलेला नेक भराभर बनवायला आणि दुरुस्तीला सोपा म्हणून, त्यात जादू कसली? आज जे जुने बास लोण्यासारखे वाजतात त्यांचे फ्रेट कुणीतरी कधीतरी घासलेत किंवा बदललेत. वाईट निघाले ते कधीच अडगळीत गेले. गिटारवाल्याला हे पटत नाही. त्याच्या मते मी बासचा 'आत्मा' खरवडून टाकला. रंगाच्या गुठळीत आत्मा असतो हे मला त्याच्याकडूनच कळलं.

टोचणाऱ्या टोकांचं कारण बहुतेक वेळा कोरडी हवा: फिंगरबोर्डचं (फ्रेट बसवलेल्या फळीचं) लाकूड आकसतं, धातू आकसत नाही. कारागीर ती घासून देतो. पण नव्या कोऱ्या बासला हा खर्च तुम्ही का करायचा?

आता दुकानदाराच्या बाजूने थोडं. सगळंच दोषात मोडत नाही. सव्वासात इंची रेडियसचा, म्हणजे आडवा जास्त गोलसर, फिंगरबोर्ड मूळ रचनेतलाच. दोन सिंगल कॉइल पिकअप (तारांचं कंपन टिपणारी, एकाच वेटोळ्याची चुंबकं) असलेल्या बासमध्ये एकाचा आवाज कमी केला की हम, म्हणजे विजेची गुणगुण, येणारच, दोन्ही पूर्ण उघडले की जवळपास जाते. जी तारेवर पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या आसपास एखादा सूर लवकर मरतो, तो नेकच्या कंपनामुळे. महागड्या बासमध्येही सापडतो. आणि खडखड सगळ्याच फ्रेटवर असेल तर आधी रिलीफ, म्हणजे नेकचा हलका बाक, बघा: तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर दाबून धरा, सातव्या-आठव्याजवळ साधारण 0.3 मिलिमीटर फट हवी. ती नसेल तर साध्या सेटअपवर (नेक आणि तारा जुळवून घेण्यावर) भागेल.

मात्र परत करायचा विचार असेल तर माझ्यासारखा नेक उघडू नका. स्क्रूला हात लागला की 'तुम्हीच बिघडवला' म्हणायला ते मोकळे. पट्टी डुलतानाचा व्हिडिओ काढा आणि आहे तसा बास दुकानात नेऊन ठेवा.